दोघांच्या दोन सायकली: भोर-वेल्ह्याच्या चढांचा हिशेब

रविवारी सकाळी चेलाडी फाट्यावरून नसरापूरकडे वळलं की चाळिशी-पन्नाशीतली सायकलवाली जोडपी हमखास भेटतात. बहुतेकांची वाटचाल सारखीच असते. आधी सोसायटीभोवती फिरवायला घेतलेली हायब्रिड, मग बनेश्वर, मग एखाद्या हिवाळ्यात थेट वेल्हे. तिथून परतल्यावर घरात विषय निघतो: आता चांगली रोड बाईक घेऊ या. जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय शर्यत जिल्ह्यातल्या रस्त्यांवरून गेल्यापासून तर तो जास्तच निघतो. शर्यतीतल्या त्या सायकली डोळ्यांत भरतात, पण त्या विशी-तिशीतल्या सराव केलेल्या पायांसाठी असतात. आपल्याला काय हवं, ते दुकानाआधी रस्त्याला विचारावं.

रस्ता काय मागतो

वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं असलं, तरी रस्ते तेच आहेत. नसरापूर, आंबवणे, मार्गासनी, विंझर, वेल्हे ही वाट चढउतारांची असली तरी दमछाक करणारी नाही. खानापूरकडून पाबे घाटाने वेल्ह्यात उतरायचं म्हटलं की गणित बदलतं. तिथले चढ छातीवर येतात. भोरच्या बाजूला भाटघरच्या पाण्याकाठचा रस्ता सुखाचा, पण पुढे वाईकडे जायला मांढरदेवीचा घाट आणि महाडकडे वरंधा. पावसाळ्यात यात भातखाचरांतून ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेला चिखल मिळवा, आणि बाराही महिने न रंगवलेले गतिरोधक.

आधी सर्वांत हलका गिअर बघा

बरीच जोडपी नेमकी इथे फसतात. जुन्या हायब्रिडला पुढे तीन चकत्या असतात आणि त्यांतली सर्वांत लहान बहुधा 28 दातांची. मागे 32 दातांची चकती असली, तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल 2 मीटरही पुढे जात नाही. म्हणजे चढावर पाय फिरत राहतात. दुप्पट किमतीच्या, शर्यतीच्या धाटणीच्या सायकलला पुढे 52 आणि 36 दातांच्या दोन चकत्या (52-36) आणि मागे जास्तीत जास्त 30 दात असतात. तिच्या सर्वांत हलक्या गिअरमध्ये एका फेऱ्याला सुमारे अडीच मीटर अंतर पडतं. सायकल महाग झाली आणि चढ जड झाला!

आकड्यांत सांगायचं तर घाटात ताशी 6 किलोमीटर वेगाने चढताना या शर्यतीच्या गिअरवर पाय मिनिटाला 40 फेरे मारतील. पुढे 34 आणि मागे 34 दात असतील तर 48 फेरे, आणि पुढे 30, मागे 34 असतील तर 54. वेग तोच, पण प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर येणारा भार कमी. पन्नाशीच्या गुडघ्यांना हा फरक त्याच दिवशी कळतो.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा: पुढची लहान चकती किती दातांची, मागची मोठी किती दातांची? पुढचा आकडा मागच्याइतका किंवा त्याहून कमी हवा. पुढे 50-34 आणि मागे 11-34 ही जोडी आता सहज मिळते. 48-32 किंवा 46-30 मिळाली तर फारच उत्तम. सपाटीवर वेग कमी पडेल ही भीती सोडा. 50 आणि 11 दातांच्या गिअरमध्ये पायांनी जेमतेम मिनिटाला 80 फेरे मारले तरी वेग ताशी 45 च्या वर जातो.

ग्रुपसेटच्या, म्हणजे गिअर-ब्रेकच्या संचाच्या, नावांनी भुलायचं नाही. शिमानोच्या क्लॅरिसमध्ये मागे 8 चकत्या, सोरात 9, टियाग्रात 10, 105 मध्ये 11 किंवा 12. चकत्या वाढल्या की दोन गिअरमधली पायरी लहान होते आणि बदल जास्त सफाईने होतो. चढ आपोआप हलका होत नाही. माझ्या मते या रस्त्यांना सोरा पुरेसा आहे.

कार्बन की ॲल्युमिनियम

माणूस आणि सायकल मिळून वजन 85 किलो धरा. सायकल 2 किलोंनी हलकी घेतली तर अर्ध्या तासाच्या चढावर पाऊण मिनिटही वाचत नाही. त्यासाठी किंमत दुप्पट होणार असेल तर ॲल्युमिनियमची फ्रेम आणि कार्बनचा फोर्क घ्या आणि विषय मिटवा.

टायर आणि ब्रेक

25 मिमीच्या टायरमध्ये 90 ते 100 पीएसआय हवा भरावी लागते आणि प्रत्येक खड्डा मनगटापर्यंत पोचतो. 32 मिमीच्या टायरला 60 च्या आसपास हवा पुरते. म्हणून 28 ची टायर बसवलेली सायकल घेतलीत तरी फ्रेममध्ये 32 ची मावते का, ते विचारून घ्या.

ब्रेक डिस्कचेच हवेत. पावसात रिम ब्रेक ओले झाले की पकड उशिरा येते, आणि पाबे घाटाच्या उतारावर तो उशीर परवडत नाही. हायड्रॉलिक डिस्कला बोटांचा जोर कमी लागतो. तारेचे डिस्क ब्रेक रस्त्याकडेला एका पान्याने जुळवता येतात. ज्याची पकड कमी त्याला हायड्रॉलिक, असा माझा कौल.

माप दोघांचं वेगळं

एकाच मॉडेलच्या, एकाच रंगाच्या दोन सायकली फोटोत छान दिसतात. पण मॉडेल एक असलं तरी माप एक असू नये. नवऱ्याच्या मापाची सायकल सीट खाली करून बायकोला देणं हा अन्यायच; सीट उतरली तरी हँडल लांबच राहतं, मग मान आणि खांदे भरून येतात. उंची पाच फूट दोन इंचांच्या आत असेल तर सर्वांत लहान फ्रेम आणि 170 ऐवजी 165 मिमीचा क्रँक मागा. ब्रेकचा दांडा बोटांजवळ आणता येतो का, तेही बघा. सीटची रुंदी बसण्याच्या हाडांवरून ठरते. मऊ सीट म्हणजे सुखाची सीट नव्हे.

दोघांसाठीही ‘एन्ड्युरन्स’ बांधणी घ्या. त्यात हँडल थोडं उंच आणि जवळ असतं.

सारखं काय असावं

चाकाचा आकार, टायरची रुंदी, ट्यूबचा व्हॉल्व्ह आणि ब्रेक पॅड मात्र दोघांचे एकच ठेवा. मग दोन ट्यूब, एक पंप आणि एकच हत्यारांची पिशवी दोघांना पुरते. गावातल्या पंक्चरवाल्याकडे प्रेस्टा व्हॉल्व्हची बारीक ट्यूब मिळेल या भरवशावर निघू नका. त्याच्या कॉम्प्रेसरने हवा भरायला लागणारा पितळी अडॅप्टर खिशात मावतो. पिशवीत जवळचा चष्माही टाका. ट्यूबमधलं बारीक भोक चाळिशीनंतर दिसत नाही.

पैसे आणि ट्रायल

22 सप्टेंबर 2025 पासून सायकलींवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. वाचलेल्या पैशांत वरच्या ग्रुपसेटची स्वप्नं बघण्यापेक्षा हेल्मेट, मागचा लाल दिवा, पॅडवाली शॉर्ट आणि सायकल अंगाला बसवून घेण्याचं फिटिंग यांची सोय करा.

ट्रायल पार्किंगमध्ये घेऊ नका. जवळ चढ नसेल तर एखादा उड्डाणपूल गाठा, सर्वांत हलक्या गिअरवर बसूनच चढून बघा आणि उतरताना ब्रेकच्या दांड्यांवर हात ठेवून मान अवघडते का ते पाहा. दोघांनीही, आपापल्या सायकलवर. बाकी सगळं पटलं आणि फक्त मागची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, लहान असेल, तर साखळी सरकवणाऱ्या डिरेलरला 34 दात चालतात का ते विचारून पैसे देण्याआधीच ती बदलून मागा. दुकानदार तयार नसेल तर दुसरं दुकान बघा.