साथीतून घडलेले एकलवादन

संवादिनीवादकांवरच्या गौरवलेखांत आणि स्मरणिकांत एक मांडणी सध्या ठरून गेली आहे. वादकाने आयुष्याची तीस-चाळीस वर्षे गवयाच्या मागे बसून काढली, मग उशिरा का होईना त्याला स्वतःचा सूर सापडला आणि तो एकलवादनाकडे वळला. या मांडणीत साथ म्हणजे उमेदवारी आणि एकलवादन म्हणजे बढती. ही समजूत मला सपशेल चुकीची वाटते, आणि तसे मी वर्षानुवर्षे लिहीत आलो आहे. महाराष्ट्रात आणि गोव्यात संवादिनीचे जे एकलवादन खरोखर ऐकण्याजोगे झाले, त्यातला फार मोठा भाग साथीच्या पोटातून जन्मला. साथीची वर्षे वजा केली तर त्या वादनातले गाणे नाहीसे होते आणि उरते ती बोटांची चपळाई.

वाद्याचा पूर्वेतिहास जाणकार वाचकांना ठाऊक आहे, त्यामुळे त्यात रेंगाळत नाही. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँने 1842 मध्ये पेटंट घेतलेले वाद्य कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी हाताच्या भात्याचे केले. ग्वाल्हेरच्या भैया गणपतरावांनी त्यातून ठुमरी काढून दाखवली आणि संगीत नाटकाने त्याला मराठी मुलखात घरोघरी पोहोचवले. गोविंदराव टेंबे या प्रवाहाच्या उगमाशीच आहेत. 1911 च्या ‘मानापमान’च्या चाली देणारा हा माणूस भास्करबुवांच्या तालमीत वाढलेला पेटीवादक होता, आणि त्यांच्या संगीतरचनेवर ऐकून मुरवलेल्या ख्यालगायकीची मुद्रा आहे. मग 1940 मध्ये आकाशवाणीने पेटीला दार बंद केले. 1971 मध्ये ते किलकिले झाले, पण साथीपुरतेच. या तीन दशकांत सारंगीला रेडिओचा आधार होता. पेटीला आधार उरला तो मैफलीचा आणि नाटकाचा. पेटीवादकाला श्रोता मिळायचा तो गवयाच्या मागे बसूनच, आणि याचा परिणाम वादनाच्या घडणीवर झाला.

साथीला बसलेला हात नेमके काय शिकतो, याची चर्चा फारशी होत नाही. यमनचेच बघा. पांढरी चारच्या पट्टीत यमनचे सातही स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात, बोटे सरळ धावतात. तोच यमन काळी एकमध्ये धरला की षड्ज, ऋषभ, पंचम आणि धैवत काळ्यांवर जातात, तर गंधार, तीव्र मध्यम आणि निषाद पांढऱ्यांवर राहतात. अंगठा कुठे टाकायचा, कुठून वळायचे, सारेच बदलते. आज काळी एकचा गवई, उद्या काळी चारची गायिका, परवा पांढरी पाचची, अशा साथीत राग बोटांच्या सवयीतून सुटतो आणि कानात जाऊन बसतो. स्केल चेंजरची पेटी आल्यापासून पट्ट्या सरकवल्या की कोणत्याही स्वरात तीच बोटे चालतात. सोय मोठी आहे, दौऱ्यावरच्या वादकाला ती नाकारता येणार नाही. पण तरुणांनी तालमीतही तिचाच आश्रय घ्यावा, हे माझ्या मते या वाद्याच्या शिक्षणात झालेले सर्वांत मोठे नुकसान आहे.

दुसरी गोष्ट भात्याची. गवई दम घेतो तेव्हा साथीदाराने स्वर किती धरायचा, आलाप पुन्हा सुरू होताच भाता किती सोडायचा, तान सुरू झाल्यावर तिच्यामागून जायचे की एका स्वरावर थांबून तिला वाट करून द्यायची, हे निर्णय क्षणाच्या आत घ्यावे लागतात. ते घेता घेता डाव्या हाताला गळ्याचा श्वास कळू लागतो. पेटीवर मींड निघत नाही हा जुना आक्षेप आहे आणि तो तांत्रिकदृष्ट्या बिनतोड आहे. पट्टी दाबली की ठरलेला स्वर येणार, दोन स्वरांमधली जागा मोकळीच राहणार. परंतु एक बोट उचलण्याआधी दुसरे टेकवून, त्याच वेळी भात्याचा दाब उतरवून दोन स्वरांचा सांधा असा झाकता येतो की ऐकणाऱ्याच्या मनात मींड पुरी होते. ही युक्ती एकांतात रियाज करून सहसा येत नाही. समोरच्या गळ्याने घेतलेली मींड पाठोपाठ गिरवताना ती येते.

या सगळ्याचा परमोच्च बिंदू माझ्या दृष्टीने गोविंदराव पटवर्धन (1925–1996). त्यांचा मुख्य संसार रंगभूमीवर, ऑर्गनशी, म्हणजे पायपेटीशी. छोटा गंधर्व, राम मराठे, वसंतराव देशपांडे यांसारख्या गायकनटांची साथ म्हणजे रोजची परीक्षा. एकाच पदाला आज एक वन्समोअर, उद्या तीन. नट आज अंतऱ्यात रमेल, उद्या मुखड्याभोवतीच फिरेल, आणि तो कोणत्या मात्रेला परतणार हे चेहऱ्यावरून आणि श्वासावरून ओळखायचे. पायपेटीत हवा पायांनी भरायची, त्यामुळे दोन्ही हात मोकळे आणि स्वर अखंड. त्या अखंड स्वरातून शब्द वेगळे काढायचे तर बोटांच्या आघातावरच भिस्त. गोविंदराव पुढे मैफलीत एकल संवादिनी वाजवू लागले तेव्हा हीच विद्या समोर आली. त्यांचे नाट्यपद ऐकताना अक्षरे ऐकू येतात. जोडाक्षरावर आघात, दीर्घ स्वरावर भात्याचा हलका फुगारा, शब्द संपला तिथे सुताएवढी फट. पद ठाऊक नसलेल्यालाही इथे एक शब्द संपून दुसरा सुरू झाला हे कळते. नाट्यपद वाजवले की श्रोते आठवणीने टाळ्या देतात, वादकाचे कर्तृत्व त्यात थोडेच, असे म्हणणारे समीक्षक आहेत. त्यांनी तेच पद दुसऱ्या एखाद्या तयारीच्या वादकाकडून ऐकावे. आठवण तर तीच असते, मग अक्षरे कुठे जातात? बावीस श्रुतींच्या संवादिनीचा ध्यास घेतलेले डॉ. विद्याधर ओक गोविंदरावांचेच शिष्य, यातही मला संगती दिसते. गळ्याच्या इतके जवळ गेलेल्या वादनाला ठरावीक बारा स्वरांची अडचण जाणवणारच.

तुळशीदास बोरकरांची वाट थोडी निराळी, पण निष्कर्ष तोच. 1934 मध्ये गोव्यातल्या बोरीत जन्म, छोटा गंधर्वांचा सहवास आणि साथ, नंतर पी. मधुकर म्हणजे मधुकर पेडणेकरांची तालीम, आणि पुढे थोर ख्यालगायकांच्या मागे बसण्याची दीर्घ कारकीर्द. 2016 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हाही त्यांची लोकांतली ओळख साथीदार अशीच होती. त्यांच्या एकलवादनातला ठहराव, रागाची बढत करताना न केलेली घाई, ही त्या मागे बसण्याचीच मिळकत.

उलट बाजूची उदाहरणे आहेत आणि ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. खुद्द पी. मधुकरांची कीर्ती त्यांच्या एकलवादनाच्या तबकड्यांवर उभी आहे. नागपूरचे मनोहर चिमोटे यांनी एकलवादनालाच वाहून घेतले, पेटीला स्वरमंडळाची जोड दिली. सारंगीत तर पंडित रामनारायण यांनी साथ सोडूनच दिली, कारण साथीदाराला मिळणारी वागणूक त्यांना सोसवेना. या उदाहरणांवरून साथ ही बेडी होती असे अनुमान काढले जाते. रामनारायणांनी बेडी तोडली ती मानापमानाची, हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण लाहोर आणि दिल्लीच्या आकाशवाणीवर गवयांच्या मागे काढलेली वर्षे त्यांच्या सारंगीतल्या आलापातून कोण वेगळी काढणार? थिरकवाँसाहेबांनी गंधर्व नाटक मंडळीत तबल्याची साथ केली. त्यांच्या स्वतंत्र तबल्यात बोलांचे जे नादमाधुर्य आहे, ते बालगंधर्वांच्या गाण्याशेजारी मुरलेले आहे असे मला वाटते. चिमोटे आणि मधुकर यांच्यापुरता माझा दावा मी आवरता घेतो. साथीवाचून मोठा वादक होऊ शकतो, पण त्याला गळ्याचा शोध दुसऱ्या मार्गाने आणि अधिक कष्टाने घ्यावा लागतो.

आजचे चित्र मला अस्वस्थ करते. विशी न गाठलेली मुले थेट एकलवादनाने व्यासपीठावर येतात. द्रुत लय, अतिद्रुत लय, झाल्याच्या धर्तीवर पट्ट्यांचा मारा, शेवटी तबल्याशी सवाल-जवाब. हातांची तयारी गोविंदरावांच्या काळापेक्षा कदाचित जास्तच असेल. विलंबित मात्र दहा मिनिटांत आटोपते, कारण तिथे भरायला काही नसते. यावर उत्तर मिळते की साथीत पैसा नाही, पत्रिकेत नाव बारीक टायपात, ध्वनिवर्धकावर पेटी दाबलेली, मग मुलांनी तिथे का थांबावे? हा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर मुलांनी द्यायचे नाही. ते संमेलने भरवणाऱ्यांनी द्यायचे आहे. गवयाच्या बिदागीशी साथीदाराच्या बिदागीचे काही सुसंगत प्रमाण ठरवणे, ध्वनिमुद्रणात पेटीला स्वच्छ जागा देणे, ज्याला एकलवादनासाठी बोलावले त्याला त्याच महोत्सवात एका ख्यालगायकाच्या साथीला बसवणे, यातले काहीच अवघड नाही. बोरकरांचे शिष्य सुधीर नायक आजही साथ आणि एकलवादन दोन्ही सांभाळतात आणि दोन्हींत त्यांचा हात एकच ओळखू येतो. तेव्हा हे जमत नाही, काळ बदलला, ही सबब मला पटत नाही.