धाराशिवचा खो-खो : तळातून उभा राहिलेला खेळ

जानेवारी 2025 मध्ये नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये पहिला खो-खो विश्वचषक भरला. भारतीय महिलांची पहिली लढत दक्षिण कोरियाशी झाली आणि गुणफलक होता 175 विरुद्ध 18. कोरियाच्या मुलींना कमी लेखायचं कारण नाही. ज्या देशात खेळाला तळ नाही, तिथला संघ कितीही जिद्दी असला तरी असाच हरतो. त्याच कोरियात फुटबॉलचं चित्र बघा. दोन व्यावसायिक लीगच्या खाली के-थ्री आणि के-फोर या निमव्यावसायिक लीग आहेत, त्यांच्याखाली हौशी संघांच्या आणखी पायऱ्या. वरचा झगमगाट या खालच्या हंगामांवर उभा आहे. आपल्याकडे खो-खोला असा तळ आहे, आणि महाराष्ट्रात तो ज्या मोजक्या जिल्ह्यांत पक्का आहे त्यांत धाराशिवचं नाव घ्यावंच लागतं. कोरियाला हरवणाऱ्या आणि पुढे अंतिम फेरीत नेपाळवर 78-40 अशी मात करून विश्वचषक उचलणाऱ्या त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

बाहेरच्या माणसाला हा जिल्हा तुळजाभवानीमुळे ठाऊक असतो, उस्मानाबादी शेळीमुळे ठाऊक असतो, आणि दुष्काळामुळे तर फारच. 2018 साली नीती आयोगाने देशातल्या मागे राहिलेल्या जिल्ह्यांची यादी केली, तीत याचं नाव होतं. इथे मोठं क्रिकेट मैदान नाही, फुटबॉलची परंपरा नाही. खो-खोला मात्र दोन खांब, फक्कीच्या रेषा आणि बारा मुली लागतात. शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत तो उभा राहतो. म्हणून तो इथे रुजला, हे खरं. पण गरिबीमुळे खेळ सुरू होतो, टिकत नाही. टिकवायला कोणीतरी रोज मैदानावर उभं राहावं लागतं.

धाराशिवमध्ये हे काम डॉ. चंद्रजित जाधव यांनी वर्षानुवर्षं केलं. महाराष्ट्र खो-खो असोसिएशनचं सचिवपदही त्यांनी सांभाळलं, पण या जिल्ह्यात त्यांची खरी ओळख प्रशिक्षक म्हणून आहे. सारिका काळे त्यांच्याच हाताखाली तयार झाली. तेराव्या वर्षी शाळेत खो-खो खेळायला लागलेली ही मुलगी. घरची परिस्थिती इतकी ओढगस्तीची, की एकदाच जेवून सराव केल्याचे दिवस तिने स्वतः पुढे मुलाखतींत सांगितले आहेत. आई शिवणकाम करून घर चालवत होती. आर्थिक ओढाताणीला कंटाळून 2016 मध्ये तिने खेळ सोडायचं ठरवलं होतं. प्रशिक्षकांनी समजूत घातली, ती मैदानावर परतली. त्याच वर्षी गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचा पहिल्यांदाच समावेश झाला होता, आणि तिथे सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार सारिका होती. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याआधी खो-खोला हा पुरस्कार 1998 मध्ये शोभा नारायण यांना मिळाला होता. मधली बावीस वर्षं कोरडी गेली. पुरस्कार मिळाला तेव्हा सारिका तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी होती. ज्या मातीवर ती घडली, त्याच मातीवर पुढच्या मुलींना घडवण्याची जबाबदारी तिच्याकडे आली. मला तिच्या सुवर्णपदकाइतकंच या नेमणुकीचं मोल वाटतं.

आता थोडं खेळाविषयी, कारण दूरचित्रवाणीवर तो निव्वळ धावपळीसारखा दिसतो. पाठलाग करणाऱ्या नऊ जणींपैकी आठ जणी मधल्या पाटीवरच्या चौकांत आलटून-पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववी धावते. तिला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत उलटं फिरता येत नाही. संरक्षणाची बाजू तीन-तीनच्या तुकडीने मैदानात उतरते आणि तिच्यावर असली बंधनं नाहीत. म्हणजे धावणारी बांधलेली, पळणारी मोकळी. तरीही पाठलागाची बाजू जिंकू शकते, कारण तिच्याकडे खो आहे. बसलेल्या मुलीच्या पाठीवर हात पडायचा क्षण अर्ध्या पावलाने चुकला, तर समोरची हुलकावणी देऊन निसटते. पारंपरिक सामन्यात नऊ मिनिटांची पाळी असते. चांगली संरक्षक साखळी खेळते, म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी जाते, किंवा गोल खेळून पाठलागवालीला खांबाभोवती दमवते. दोन-अडीच मिनिटं एकटीने काढणं हा मोठा पराक्रम समजला जातो. त्यासाठी मांड्यांत ताकद लागते, छातीत दम लागतो, आणि दोन्हींसाठी पोटात अन्न लागतं.

हंगामाची शिडी दुहेरी आहे. एक शाळेची: तालुका, जिल्हा, मग लातूर विभाग, मग राज्य. दुसरी असोसिएशनची: किशोर-किशोरी चौदा वर्षांखालची, कुमार-मुली अठरा वर्षांखालची, त्यावर पुरुष-महिला. जिल्ह्याची निवड चाचणी, राज्य अजिंक्यपद, तिथून महाराष्ट्राचा संघ. राज्य स्पर्धेत पुणे, ठाणे, नाशिक, रत्नागिरी अशा तगड्या जिल्ह्यांशी गाठ असते. किशोरी गटातल्या उत्कृष्ट खेळाडूला राष्ट्रीय स्पर्धेत ईला पुरस्कार मिळतो, मुलींमध्ये जानकी, महिलांमध्ये राणी लक्ष्मीबाई. खेड्यातल्या मुलीच्या तोंडी ही तीन नावं एका दमात येतात. हे सामने कुठल्याही वाहिनीवर नसतात. प्रेक्षक म्हणजे बहुधा दुसऱ्या संघांच्या मुली आणि त्यांचे शिक्षक. नोव्हेंबर 2022 मध्ये मात्र वरिष्ठ गटाची राष्ट्रीय स्पर्धाच तेव्हाच्या उस्मानाबादेत भरली आणि देशभरातले संघ या शहरात आले. जिल्ह्याच्या खो-खोचा तो मोठा मान होता.

गेल्या काही वर्षांत वरच्या पायरीवर पैसा आला, त्याचा आनंदच आहे. 2022 मध्ये अल्टिमेट खो-खो लीग पुण्याच्या बालेवाडीत सुरू झाली. पहिल्या अंतिम सामन्यात ओडिशाने तेलुगू योद्धाज्‌ला 46-45 असं एका गुणाने हरवलं. दुसरा हंगाम कटकला झाला, तो गुजरातने जिंकला. पण हे दोन्ही हंगाम पुरुषांचे होते. ज्या जिल्ह्याने आपलं नाव मुलींच्या जोरावर मिळवलं, त्याच्या वाट्याला या लीगमधून फारसं काही येण्यासारखं नव्हतं. हे मला अन्यायाचं वाटतं. विश्वविजेत्या महिला असलेल्या देशात महिलांची लीग आधी सुरू व्हायला हवी होती.

दुसरी अडचण त्याहून खालची आहे. मोठे सामने आता मॅटवर होतात, बूट घालून. खेड्यातली मुलगी मातीवर अनवाणी शिकते. मातीत सूर मारण्याची सवय वेगळी, मॅटवर पाय पकड घेतो ती वेगळी. निवड झाल्यावर शिबिरात तिला पाऊल नव्याने टाकायला शिकावं लागतं, आणि शहरातल्या मुली तोवर पुढे गेलेल्या असतात. शिवाय दहावी झाली की अनेक घरांत खेळ सुटतो. लग्नाची बोलणी सुरू होतात किंवा कॉलेजसाठी रोजचा एसटीचा प्रवास सुरू होतो आणि संध्याकाळचा सराव बंद पडतो.

विश्वचषकानंतर राज्य सरकारने महाराष्ट्राच्या विजेत्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये आणि नोकरी जाहीर केली. तो त्यांचा हक्कच आहे. आता जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत मुलींसाठी एकेक मॅट, सरावानंतर पोटभर सकस आहार आणि अंधार पडायच्या आत घरी पोचवणारी गाडी एवढं तरी व्हावं. कोटींच्या बक्षिसांपुढे हा खर्च किरकोळ आहे. आणि धाराशिवच्या पालकांना विनंती आहे, की मुलगी दहावी झाल्यावर तिचे बूट माळ्यावर टाकू नका. तिला आणखी दोन हंगाम खेळू द्या.