डिस्क भरली! आता कोणत्या बॅकअपला हात लावायचा?

एक टीबीची नवी कोरी हार्ड डिस्क कॉम्प्युटरला जोडा. विंडोज तिची क्षमता दाखवतं ९३१ जीबी. उरलेले ६९ जीबी कोणी चोरलेले नसतात. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक. म्हणजे पहिला बॅकअप घेण्याआधीच आकडा सात टक्क्यांनी आखडतो. त्यावर दर महिन्याला एक अख्खी डिस्क इमेज टाकत गेलात, की एक दिवस लाल पट्टी दिसते आणि हात आपोआप डिलीटकडे जातो. त्या बटणापाशी पोचण्याआधी या गोष्टी माहीत असायलाच हव्यात.

सगळी डिस्क, तरी सगळी नाही

डिस्क इमेज म्हणजे विंडोज, सॉफ्टवेअर, सेटिंग, फोटो, कागदपत्रं या सगळ्यासकट डिस्कची जशीच्या तशी प्रत. डिस्क मेली तर नवीवर इमेज उतरवायची, की कॉम्प्युटर पुन्हा पूर्वीसारखा. हे तंत्र जगभरच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये पोचवलं ते घोस्ट या प्रोग्रॅमने. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या मरे हॅझार्ड यांनी तो नव्वदच्या दशकाच्या मध्यावर लिहिला, १९९८ मध्ये सिमँटेकने तो घेतला आणि २०१३ मध्ये नॉर्टन घोस्टची विक्री थांबली.

गंमत अशी, की ५०० जीबीच्या डिस्कची इमेज सहसा ५०० जीबी होत नाही. बहुतेक प्रोग्रॅम फक्त वापरात असलेले ब्लॉक उचलतात आणि ते दाबून लहान करतात. पेजफाइल आणि हायबरनेशनची फाइल अनेक प्रोग्रॅम घेतच नाहीत, कारण या दोन्ही विंडोज पुन्हा तयार करू शकतं. म्हणून इमेज फुगत चालली असेल, तर आधी मूळ डिस्क साफ करावी. डाउनलोड फोल्डरमध्ये विसरलेला सिनेमा प्रत्येक पूर्ण इमेजमध्ये जाऊन बसतो, आणि बारा इमेज म्हणजे बारा सिनेमे.

सगळ्यात मोठी, सगळ्यात जुनी, सगळ्यात मोलाची

रोज अख्खी इमेज परवडत नाही. म्हणून एकदा पूर्ण आणि पुढे फक्त बदल, अशी पद्धत पडली. तिचे प्रकार दोन. डिफरन्शियल बॅकअप दर वेळी पहिल्या पूर्ण इमेजपासूनचे सगळे बदल घेतो. तो दिवसेंदिवस जाड होतो, पण रीस्टोअर करायला दोनच फाइली पुरतात. इन्क्रिमेंटल बॅकअप मागच्या वेळेपासूनचे बदल तेवढे घेतो. तो सडपातळ राहतो, मात्र आपल्या आधीच्या प्रत्येक फाइलवर अवलंबून असतो. वाण्याकडच्या उधारीच्या वहीतलं मधलं पान फाटलं, की पुढच्या एकाही बेरजेवर भरवसा ठेवता येत नाही. इन्क्रिमेंटलचं अगदी तसंच आहे. सोमवारी पूर्ण इमेज आणि मंगळ ते रवि सहा इन्क्रिमेंटल घेतले असतील, तर बुधवारची फाइल उडवल्यावर बुधवार ते रविवार असे पाचही दिवस जातात.

जागा हवी म्हणून आपण फाइली आकारानुसार लावतो. वर येते ती पूर्ण इमेज. तारखेनुसार लावल्या तरी सगळ्यात जुनी तीच निघते. मोठी आहे, जुनी आहे, मग टाकून द्यावी असंच कोणालाही वाटेल. पण ती गेली की सोमवारपासूनचा एकही दिवस परत आणता येणार नाही, उरलेल्या सहा फाइली नुसती जागा अडवतील.

म्हणून इमेज फाइली कधीही फाइल एक्स्प्लोररमधून उडवू नयेत. ज्या प्रोग्रॅमने त्या बनवल्या, त्यालाच त्या काढायला सांगावं. मॅक्रियम रिफ्लेक्टसारखे प्रोग्रॅम सगळ्यात जुना इन्क्रिमेंटल पूर्ण इमेजमध्ये मिसळून टाकतात. साखळी शाबूत राहते आणि फाइलींची संख्या वाढत नाही. किती प्रती ठेवायच्या तो आकडा एकदा भरून ठेवला, की पुढचं काम आपोआप होतं.

विंडोजचं लपलेलं गाठोडं

विंडोजमध्ये स्वतःची सिस्टिम इमेजची सोय आहे. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच तिच्यावरचं पुढचं काम थांबवल्याचं जाहीर केलं आणि दुसऱ्यांची सॉफ्टवेअर वापरा असा सल्लाही दिला. तरी विंडोज ११ च्या कंट्रोल पॅनेलमध्ये ती अजून सापडते, तीही ‘विंडोज ७’ अशी पाटी लावून.

तिची खुबी ही, की बाहेरच्या हार्ड डिस्कवर गेलात तर इमेजचं फोल्डर एकच दिसतं, ताज्या प्रतीचं. मागच्या प्रती शॅडो कॉपीच्या रूपात त्याच डिस्कच्या लपलेल्या भागात असतात. फोल्डर १५० जीबीचं आणि भरलेली जागा ४०० जीबी, असं कोडं पडलं तर त्याचं उत्तर बहुधा इथे असतं. बॅकअपच्या खिडकीतल्या ‘मॅनेज स्पेस’मध्ये दोन पर्याय मिळतात. विंडोजवर सोपवलंत, तर ते इमेजना डिस्कच्या ३० टक्क्यांपलीकडे जाऊ देत नाही. किंवा फक्त ताजी इमेज ठेवायला सांगता येतं. इमेज नेटवर्कवर ठेवत असाल तर तिथे मुळात एकच राहते, नवी आली की जुनी गेली.

विंडोजची नवी आवृत्ती चढवल्यावर उरणारं ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डर मात्र दहा दिवसांनी आपोआप पुसलं जातं. त्यासाठी घाम गाळायची गरज नाही.

पुसलं, पण जागा कुठे गेली?

२०० जीबीची इमेज तयार व्हायला तास लागतो आणि डिलीट व्हायला पापणी लवायचा अवकाश. कारण डिलीट करताना कोणी २०० जीबी पुसत बसत नाही. त्या जागेवरची नोंद तेवढी ‘रिकामी’ अशी होते. बाहेरच्या हार्ड डिस्कला स्वतःचं रिसायकल बिन असतं, त्यामुळे डिलीट करूनही एक बाइटसुद्धा मोकळी होत नाही असं घडू शकतं. नेटवर्कवरची फाइल याउलट थेट जाते. तिथे डिलीट दाबताना दोनदा विचार करा.

मॅकवाल्यांची तऱ्हा वेगळी. फाइल उडवली, बिन रिकामं केलं, तरी जागा तेवढीच. तिथे टाइम मशीन हे बॅकअपचं सॉफ्टवेअर मॅकच्याच डिस्कवर स्थानिक स्नॅपशॉट, म्हणजे त्या-त्या वेळच्या प्रती, ठेवतं आणि उडवलेली फाइल त्यात तग धरून असते. चोवीस तास थांबा, किंवा जागेची निकड निर्माण होऊ द्या; मॅक स्वतःच ती सोडतो.

लिनक्सवर वापरल्या जाणाऱ्या रेस्टिक या बॅकअप प्रोग्रॅममध्ये तर जुना बॅकअप काढायच्या दोन पायऱ्या आहेत: आधी ‘विसर’ आणि मग ‘छाट’. पहिल्या आज्ञेने बॅकअपची नोंद जाते, डेटा जागेवरच राहतो. दुसरीने खरी जागा सुटते. हा उपद्व्याप लागतो तो डीडुप्लिकेशनमुळे. शंभर लॅपटॉपवर तेच विंडोज असेल तर त्याचे सारखे तुकडे शंभरदा न साठवता एकदाच साठवायचे. मग एक बॅकअप काढताना त्याचा कोणता तुकडा दुसऱ्या कोणाला लागतोय हे तपासल्याशिवाय काहीच पुसता येत नाही. याच कल्पनेचा आधार घेत २००८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या द्रुवा या कंपनीने जगाच्या बाजारात पाय रोवले.

आजोबा, वडील, मुलगा आणि काशीचा मनोरा

कोणता बॅकअप किती दिवस ठेवायचा याचं जुनं सूत्र आजोबा-वडील-मुलगा याच नावाने चालतं. रोजचा बॅकअप मुलगा, आठवड्याचा वडील, महिन्याचा आजोबा. मुलगे पटापट बदलतात, आजोबा टिकतात. टाइम मशीनही असंच वागतं: गेल्या चोवीस तासांचे तासागणिक, गेल्या महिन्याचे रोजचे आणि त्यामागचे आठवड्याचे बॅकअप. वर्षाचे ८,७६० तास, पण ढोबळ हिशोबाने शंभरेक प्रतींत सगळं वर्ष बसतं. डिस्क भरली की सगळ्यात जुनी प्रत जाते.

याहून देखणी पद्धत हनोईच्या मनोऱ्याची. फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी १८८३ मध्ये हे चकत्यांचं कोडं बाजारात आणलं. त्याला जोडलेली दंतकथा काशीच्या मंदिरातली आहे: तिथे ६४ सोन्याच्या चकत्या, मोठी कधीही लहानीवर न ठेवता, एका खांबावरून दुसऱ्यावर हलवल्या जात आहेत आणि काम संपलं की जग संपेल. सेकंदाला एक चकती हलवली तरी सुमारे ५८५ अब्ज वर्षं लागतील, तेव्हा निर्धास्त राहा. बॅकअपवाल्यांनी त्या चालींचा क्रम उचलला. पहिली डिस्क दर दुसऱ्या दिवशी, दुसरी दर चौथ्या, तिसरी दर आठव्या, चौथी दर सोळाव्या दिवशी वापरायची. पाच डिस्कांत सोळा दिवसांचं चक्र बसतं. जागेची इतकी काटकसर करणारं गणित पाहून मला तरी फार आनंद होतो.

क्योटोची ७७ टीबी

डिसेंबर २०२१. क्योटो विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटरवर बॅकअपची एक स्क्रिप्ट चालू होती. तिच्या कामांपैकी एक काम साधं होतं: दहा दिवसांपेक्षा जुन्या लॉग फाइली उडवायच्या. यंत्रणा पुरवणाऱ्या एचपीईने स्क्रिप्टची सुधारित आवृत्ती बसवली, पण जुनी चालू असतानाच तिच्यावर बसवली. स्क्रिप्ट मधूनच नवी वाचली जाऊ लागली, फोल्डरचं नाव ज्यात असायला हवं ते व्हेरिएबल रिकामं निघालं, आणि लॉगऐवजी संशोधकांच्या फाइली पुसल्या जाऊ लागल्या. दोन दिवसांत सुमारे ७७ टीबी, ३ कोटी ४० लाख फाइली गेल्या. चौदा संशोधन गटांना फटका बसला आणि त्यातल्या चार गटांचा डेटा परत आणता आला नाही. कंपनीने पूर्ण जबाबदारी घेतली.

त्याआधी, ३१ जानेवारी २०१७ ला, प्रोग्रॅमर्सचा कोड साठवणाऱ्या गिटलॅब या कंपनीच्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. ३०० जीबींपैकी जेमतेम साडेचार उरले. बॅकअपचे पाच मार्ग होते, त्यातला एकही ऐन वेळी कामी आला नाही. वाचवलं ते सहा तासांपूर्वी भलत्याच कामासाठी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटने. बॅकअप चालतो की नाही हे कोणी उघडून पाहिलं नव्हतं. जुनी इमेज काढण्याआधी नवी उघडून पाहणं म्हणूनच सक्तीचं. विंडोजची इमेज व्हीएचडीएक्स या प्रकारची असते आणि ती आभासी डिस्क म्हणून जोडता येते. आतला एखादा फोटो, एखादी एक्सेल शीट उघडली, तर जुनीला निरोप देता येईल.

खंडणीखोरांचीही तीच आज्ञा

शॅडो कॉपी काढून जागा करायची विंडोजमध्ये एक आज्ञा आहे. मे २०१७ मध्ये जगभर धुमाकूळ घालणाऱ्या वॉनाक्राय या खंडणीखोर सॉफ्टवेअरने फाइली कुलूपबंद करताना तीच आज्ञा चालवून सगळ्या शॅडो कॉपी उडवल्या, म्हणजे मागे फिरायची वाट बंद. म्हणून निदान एक इमेज अशा डिस्कवर हवी, जी काम संपलं की कॉम्प्युटरपासून काढून ठेवली जाते.

कायदा काय म्हणतो?

घरचे फोटो तुमच्या मर्जीचे, धंद्याचे हिशोब नाहीत. कंपनी कायद्यात हिशोबाची पुस्तकं किमान आठ आर्थिक वर्षं जपायची आहेत. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. २०२२ पासून कॉम्प्युटरवर हिशोब ठेवणाऱ्या कंपन्यांना रोजचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर ठेवावा लागतो. ऑफिसच्या कॉम्प्युटरची पाच वर्षांपूर्वीची इमेज काढायची असेल, तर आधी सीएंना फोन करा.

डिस्क विकायची असेल तर

साध्या हार्ड डिस्कवर डिलीट केलेली इमेज, तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत, रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत येऊ शकते. त्यात बँकेची स्टेटमेंटं, आधारच्या प्रती, सगळंच असतं. सर्वांत झटपट उपाय आधीपासून करून ठेवायचा असतो: इमेज बनवतानाच ती पासवर्ड घालून एन्क्रिप्ट करायची. मग डिस्क कोणाच्याही हाती गेली आणि किल्ली तुमच्याकडूनही नष्ट झाली, की आतल्या शेकडो जीबींचा अर्थ लागत नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेनेही डेटा नष्ट करायच्या मान्य पद्धतींत हीच युक्ती धरली आहे.