शर्यतीचा रविवार आणि यंत्राची मर्यादा

खानापूर रस्त्यावरील आपल्या उद्यमबागेत ओतकाम, लेथकाम आणि क्रँकशाफ्टची घडण यांत ज्यांची हयात गेली, त्या घरांतील तरुण मंडळी मोटोजीपीच्या शर्यती मोठ्या आवडीने पाहतात. वडीलधाऱ्यांना हा निव्वळ गोंगाट वाटतो. वस्तुतः या शर्यतींतील खरा वाद त्यांच्याच धंद्यातला आहे. येत्या शर्यतीपूर्वी तो समजून घ्यावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम कार्यक्रम. शुक्रवारच्या सरावातील पहिले दहा स्वार पात्रताफेरीच्या अंतिम टप्प्यात थेट जातात. शनिवारी सकाळी पात्रताफेरी आणि दुपारी निम्म्या अंतराची ‘स्प्रिंट’. २०२३ पासून सुरू झालेल्या या धाकट्या शर्यतीच्या विजेत्यास १२ गुण मिळतात, तर रविवारच्या मुख्य शर्यतीच्या विजेत्यास २५.

वादाचा पहिला मुद्दा पुढच्या टायरमधील हवेचा. दुसऱ्याच्या मागोमाग धावणाऱ्या गाडीला गार वारा मिळत नाही. टायर तापतो, आतील दाब चढतो आणि वळणावर पकड सुटू लागते. म्हणून संघ आरंभी हवा कमी भरू पाहतात. परंतु हवा फारच कमी झाली, तर टायरच दगा देण्याचे भय. २०२४ मध्ये किमान दाब १.८ बार ठरला. मुख्य शर्यतीच्या ६० टक्के फेऱ्यांत तो न राखल्यास १६ सेकंदांचा दंड. शर्यत संपल्यावर निकाल फिरावा, हे प्रेक्षकाला रुचत नाही. पण स्वाराचा जीव त्या हवेवर आहे, हे विसरून कसे चालेल?

दुसरा मुद्दा गाडीची मागची बाजू खाली बसविणाऱ्या यंत्रणेचा. वळणातून निघताना गाडी बुटकी झाली, की पुढचे चाक सहसा उचलत नाही आणि इंजिनाची शक्ती वाया जात नाही. मे २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नियमांनी २०२७ च्या हंगामापासून ही यंत्रणा वर्ज्य ठरविली. इंजिन १००० सीसीवरून ८५० वर आणि इंधन २२ लिटरवरून २० लिटरवर आणले. कल्पकतेला लगाम घालू नये, असे काहींचे म्हणणे. आमच्या मते मर्यादेतच कारागिरीचा कस लागतो. ठरलेल्या मापात जॉब बसविणाऱ्याला हे निराळे सांगावयास नको.

हा खेळ आपल्याला अगदी परका नाही. २०१६ मध्ये असेन येथे मोटो-३ वर्गात फ्रान्चेस्को बान्याया महिंद्राच्या गाडीवर पहिला आला. २०२२ आणि २०२३ मध्ये तोच मोटोजीपीचा जगज्जेता झाला. २४ सप्टेंबर २०२३ रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातील पहिली मोटोजीपी शर्यत मार्को बेझेक्कीने जिंकली.

तेव्हा वाचकहो, या रविवारी पुढे कोण आहे एवढेच पाहू नका. त्याच्या मागोमाग येणारा स्वार अंतर राखतो की चिकटून धावतो, तेही पाहा. त्याच्या टायरची कथा तेथेच उलगडेल, आणि ती घरातल्या तरुणांना समजावून सांगण्याचा अधिकार उद्यमबागेतल्या वडिलांचाच.