बचत गटाची यादी रकान्यांत कशी बसवायची?

आज आम्ही बोलणार आहोत रकान्यांबद्दल.

हातकणंगल्यात आमच्या गटाच्या बैठकीत संगणकावरची यादी वाचत होतो. एका ताईंची बचत त्या महिन्यात आली नव्हती, म्हणून ती जागा नुसती मोकळी सोडलेली. झालं! हप्त्याचे ५०० बचतीखाली सरकले, व्याजाचे १५ हप्त्याखाली. आम्ही मोठ्यानं वाचलं, ‘हप्ता १५, व्याज बाकी.’ ताई काही बोलल्या नाहीत, घरी जाऊन पासबुक घेऊन आल्या.

चूक आमचीच. लिनक्सच्या संगणकावर ‘कॉलम’ नावाची आज्ञा आहे, १९९० पासूनची, युनिक्सच्या घराण्यातली. ती प्रत्येक रकान्यातला सगळ्यात लांब मजकूर बघते आणि बाकीच्यांपुढे तेवढी जागा भरते. पण आम्ही आकड्यांमध्ये फक्त स्पेस देत होतो, आणि तिला एक स्पेस काय नि चार काय, सारखंच! रिकामी जागा तिला दिसतच नाही.

आता आम्ही मध्ये स्वल्पविराम देतो आणि रक्कम नसेल तिथं शून्य लिहितो. बाराशे मात्र १२०० असेच लिहायचे. हजारानंतर स्वल्पविराम दिला की एका रकमेचे दोन रकाने होतात. मग काळ्या खिडकीत लहान इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं: कॉलम, स्पेस, वजाचं चिन्ह आणि लगेच टी, स्पेस, वजा एस, अवतरणचिन्हांत स्वल्पविराम, स्पेस, फाईलचं नाव. टी म्हणजे तक्ता कर, एस म्हणजे कशावर तोडायचं ते. नव्या आवृत्तीत वजा मोठा आर लिहून रकान्यांचे क्रमांक दिले की आकडे उजवीकडे टेकतात, शाळेत एकक-दशक मांडायचो तसे.

मराठी नावांचा त्रास वेगळाच. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत आपलं एकेक साधं अक्षर तीन बाइट घेतं. ‘कमल’ची अक्षरं तीन, बाइट नऊ. ‘प्रिंटएफ’सारखी आज्ञा बऱ्याचदा बाइटच मोजते, आणि जोडाक्षर पडद्यावर किती जागा खाईल हे ‘कॉलम’लाही नेमकं कळत नाही. म्हणून आम्ही सोपी युक्ती केली: आधी सदस्य क्रमांक, मग बचत, हप्ता, व्याज आणि नाव सगळ्यात शेवटी. नाव लांबलं तरी त्याच्यापुढे सरकायला आकडाच नाही.

पुढच्या बैठकीत यादी त्याच ताईंनी वाचली.