आपली वेबसाइट, आपलं उत्पन्न (भाग ६) : केवड्याच्या पानावरचा सौदा

मागच्या आठवड्यात डोमेन आणि होस्टिंगचा वर्षाचा खर्च मांडला होता. तो भरून कसा काढायचा, हे आज पाहू.

द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी होऊन काही दिवस झालेत, हवा ढगाळ आहे, रात्री पाऊस पडून गेलाय. तासगावकडचा एक बागायतदार सकाळी बागेत पान उलटून बघतो. वर तेलकट पिवळे डाग, खाली पांढरी बुरशी, म्हणजे केवडा रोग. तो तिथेच फोन काढून ‘द्राक्ष केवडा उपाय’ असं शोधतो आणि तुमच्या वेबसाइटवर येतो. पान उघडेपर्यंत, एका सेकंदाच्याही आत, तिथे जाहिरातीच्या जागेचा लिलाव होऊन गेलेला असतो. जागा कुठली, पान कशाबद्दल, वाचणारा कोणत्या भागातला, मोबाइलवर आहे की संगणकावर, एवढं जाहिरातदारांच्या यंत्रणांना कळतं. बुरशीनाशकवाले, ब्लोअरवाले, ठिबकवाले बोली लावतात. तासगावच्या मार्केटात बेदाण्याचे सौदे निघतात तसाच हा सौदा, फक्त इथे विकली जाते ती त्या माणसाच्या नजरेसमोरची चार बोटं जागा.

हा सौदा घडवणाऱ्यांत गूगलची अ‍ॅडसेन्स सेवा सगळ्यांच्या ओळखीची. ती २००३ साली सुरू झाली. हिंदी पानांना ती २०१४च्या अखेरीस मिळाली आणि मराठीला २०१८ उजाडावं लागलं. जाहिरातदार मोजतो त्यातले साधारण ६८ टक्के पानाच्या मालकाला मिळतात. पूर्वी मुख्यतः जाहिरातीवर कोणी क्लिक केलं तर पैसे जमा होत. २०२४पासून ती किती वेळा दिसली यावर हिशेब होतो.

सुविचारांच्या पानावर दिवसाला हजारो माणसं येतील, पण तिथे बोली चढत नाही. सुविचार वाचणाऱ्याला त्या घटकेला काहीच घ्यायचं नसतं. केवड्याच्या पानावर शंभरच जण येतील, पण त्या शंभरांना संध्याकाळच्या आत औषध आणायचंय. म्हणून नव्या माणसाला मी एवढंच विचारतो, तुमचं पान कोण, कुठे उभा राहून आणि कसल्या अडचणीत वाचणार आहे? याचं उत्तर असेल तर विषय द्राक्षाचा असो, सातबाऱ्याचा असो की दहावीनंतरच्या प्रवेशाचा, तो चालतो.

आणि अडचणीतला माणूस वाचतोय म्हणूनच जबाबदारी मोठी आहे. औषधाचं प्रमाण किंवा फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं ते चुकीचं लिहिलंत, तर त्याच्या मालात औषधाचा अंश (रेसिड्यू) सापडेल आणि वर्षाची मेहनत जाईल. माहिती लेबलवरून आणि कृषी विद्यापीठांच्या शिफारशींवरून ताडून घ्या, पानावर तारीख टाका, शिफारस बदलली की पान बदला. हे काम कंटाळवाणं आहे, पण यातच या धंद्याची पत आहे.

आता आकडे. समजा, पान हजार वेळा उघडल्यावर तुमच्या हाती अर्धा डॉलर पडतो. पैसे बँकेत येण्यासाठी खात्यात १०० डॉलर जमावे लागतात, म्हणजे पानं दोन लाख वेळा उघडली गेली पाहिजेत. रोज पाचशेच्या हिशेबाने ४०० दिवस. हे ऐकून बरेचजण घाई करतात. कोणी पैसे देऊन वाचक आणतं, कोणी भावाला, मित्रांना जाहिरातींवर क्लिक करायला सांगतं. असलं काही कृपा करून करू नका. खोटे क्लिक यंत्रणेला कळतात, खातं कायमचं बंद होऊ शकतं आणि साठलेले पैसेही हातचे जातात.

१०० डॉलर लांब असले तरी १० डॉलर झाले की एक गोष्ट घडते. पत्ता खरा आहे का हे पाहायला साध्या टपालाने, कडा फाडून उघडायचं एक घडीचं पत्र येतं. आत सहा आकडी पिन असतो. तो चार महिन्यांत खात्यात भरला नाही तर जाहिराती थांबतात. दोन ते चार आठवड्यांत पत्र यायला हवं, पण वाडीवस्तीवर ते हमखास चुकतं. तेव्हा खातं उघडतानाच पत्ता पोस्टमन ओळखेल असा लिहा : मुक्काम, पोस्ट, तालुका, वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, आणि पिनकोड दोनदा तपासून. पोस्टमनला आधी सांगूनही ठेवा की असं एक पातळ पत्र येणार आहे.