झड, गारठा आणि आडोसा : अवकाळी वादळातील जनावरांची निगा

१. प्रश्नाचे स्वरूप

पोलादपूर तालुक्यातील कुडपण हे गाव सह्याद्रीच्या माथ्यालगत, रायगड, सातारा व रत्नागिरी या तीन जिल्ह्यांच्या सीमा जेथे जवळ येतात अशा ठिकाणी वसलेले आहे. हिमवादळ या मुलखास ठाऊक नाही. ‘हिम’ या संस्कृत शब्दापासून मराठीत ‘हीव’ हा शब्द आला. पण त्याचा अर्थ बर्फ असा राहिला नाही. अंगात भरणारी, कापरे आणणारी थंडी म्हणजे हीव. हा अर्थपालट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. आपल्याकडे जनावरे बर्फाने मरत नाहीत, हिवाने मरतात. आणि हीव भरण्यासाठी पाणी गोठावे लागत नाही.

दोन घटना शेजारी ठेवून पाहू. २२ जुलै २०२१ रोजी महाड-पोलादपूर परिसरात भीषण पर्जन्यवृष्टी झाली. जवळच्या महाबळेश्वरी २३ जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. महाड तालुक्यातील तळिये आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर-सुतारवाडी येथे दरडी कोसळून माणसे व जनावरे गाडली गेली. परंतु जे गोठे दरडीच्या व पुराच्या वाटेत नव्हते, त्यांतील गुरे एरव्हीच्या आषाढाप्रमाणे रवंथ करीत उभी होती. त्याच वर्षी १ व २ डिसेंबर रोजी घाटमाथ्यापलीकडे अवकाळी पाऊस झाला. त्याचे मान जुलैच्या पावसापुढे नगण्य होते. पारा गोठणबिंदूच्या जवळपासही उतरला नव्हता. तरीही जुन्नर, आंबेगाव, पारनेर, संगमनेर या तालुक्यांत मेंढ्या-शेळ्या शेकड्यांनी दगावल्या.

अधिक पावसात गुरे तगली आणि थोड्या पावसात मेंढरे मेली, असे का व्हावे? याचे उत्तर पावसाच्या मापात सापडत नाही. ते सापडते जनावराच्या शरीरव्यापारात, आणि तो व्यापार नेमका ओळखणाऱ्या आपल्या रोजच्या शब्दांत.

२. जनावर गारठते म्हणजे काय होते

गाय, म्हैस, शेळी व मेंढी हे रवंथ करणारे प्राणी आहेत. त्यांच्या पहिल्या पोटात वैरण आंबते आणि त्या आंबण्यातून सतत उष्णता निर्माण होते. कोरडी लव अगर लोकर आपल्यात हवेचा थर धरून ठेवते व ही उष्णता बाहेर जाऊ देत नाही. पोटातील शेगडी आणि अंगावरील पांघरूण, अशी ही दुहेरी व्यवस्था होय.

लव भिजली की हवेच्या थराची जागा पाणी घेते आणि पांघरूण निकामी होते. त्यातच वारा सुटला की अंगावरचे पाणी उडू लागते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते, आणि तिचा बराच भाग जनावराच्या कातडीतून जातो. थंड प्रदेशांतील गुरांच्या अभ्यासातून असे दिसले आहे की, दाट व कोरडी लव असलेले जनावर शून्य अंशाच्या आसपासही विशेष श्रमाविना तग धरते. पण तेच जनावर भिजले तर सुमारे १५ अंश सेल्सिअसलाच त्याला ऊब राखण्यासाठी जादा शक्ती खर्चावी लागते. हे आकडे आपल्या आखूड केसांच्या गुरांना जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तत्त्व मात्र तेच आहे. ओल, वारा व रिकामे पोट ही तीन एकत्र आली म्हणजे डिसेंबरातील साधा गारठाही प्राणघातक ठरतो.

३. तीन शब्द, तीन उपाय

‘निवारा’ हा शब्द आपण सरसहा वापरतो. ‘निवारणे’ या क्रियेशी त्याचे नाते आहे. तेव्हा कशाचे निवारण, हा प्रश्न त्यात गृहीत आहे. व्यवहारातील भाषेने या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळ्या शब्दांत दिलेली आहेत.

(अ) छप्पर हे वरून पडणाऱ्या पावसाचे निवारण करते. कोकणात आगोटीपूर्वी गोठ्याची शाकारणी होते ती यासाठी.

(आ) आडोसा हे वाऱ्याचे निवारण आहे. ‘आड’ या शब्दातच त्याचा अर्थ आला. वाऱ्याने तिरपा होऊन आत घुसणाऱ्या पावसाला ‘झड’ म्हणतात. छप्पर झड रोखू शकत नाही. त्यासाठी वाऱ्याच्या अंगाला कारवीचा कूड, झाप किंवा गोणपाट हवे. मात्र आडोसा म्हणजे कोंडवाडा नव्हे. गोठा चहूबाजूंनी बंद केला तर मूत्राची वाफ व दमट हवा साचते आणि थंडीतून वाचलेले जनावर फुप्फुसदाहाने जाते. म्हणून वाऱ्याची बाजू बंद व छपराखालची वरची फट उघडी, ही रीत योग्य होय.

(इ) आथर म्हणजे खालच्या ओलीचे निवारण. जनावर बसते तेव्हा त्याचे पोट व कास जमिनीला टेकते आणि ओल्या जमिनीतून ऊब झपाट्याने निघून जाते. पेंढा, तूस किंवा वाळका पाचोळा यांचा जाड थर येथे छपराइतकाच मोलाचा असतो.

या तिन्हींच्या जोडीला वैरण ही चौथी गोष्ट. वादळाची चाहूल लागताच भाताचा पेंढा किंवा कडबा नेहमीपेक्षा अधिक घालावा. एकाएकी भरपूर धान्य खाऊ घालणे चुकीचे. त्याने पोटात आम्ल वाढून जनावर आजारी पडते. रात्रभर हळूहळू आंबणारी कोरडी वैरण हीच खरी शेगडी.

आता मूळ प्रश्नाचा उलगडा होतो. घाटातील गोठ्यात आषाढापूर्वीच छप्पर शाकारलेले, कूड लिंपलेला आणि माळ्यावर पेंढा भरलेला असतो. डिसेंबरात मेंढपाळांचा कळप उघड्या रानात, दोरीच्या जाळीच्या वाघुरीत बसलेला असतो. वाघूर कळपाला एकत्र ठेवते. पण ती वाऱ्याला आडोसा नव्हे आणि पावसाला छप्परही नव्हे. दिवसभर पाऊस लागल्यामुळे चरणे झालेले नसते. लोकर नुकतीच कातरली असेल तर पांघरूणही गेलेले असते. एकाच वेळी चारही आधार तुटतात.

घाटमाथ्यावरील धनगरांचे कळप पावसाळ्यानंतर कोकणातील भाताच्या रिकाम्या खाचरांत बसावयास उतरतात, ही जुनी वहिवाट आहे. त्यामुळे हा प्रश्न केवळ देशावरचा नाही. अवकाळी पाऊस महाड-पोलादपुरात आला तरी उघड्यावरील कळपाची स्थिती तीच होईल.

४. वादळाच्या रात्री

उघड्यावरील कळप सखल खाचरातून काढून उंच, निचऱ्याच्या जागी आणावा. बांध, टेकाड किंवा दाट झुडूप वाऱ्याच्या अंगाला असावे. एकट्या उंच झाडाखाली विजेचे भय असते. ताडपत्री थोडी असेल तर ती वरून ताणण्याआधी वाऱ्याच्या बाजूने लावावी आणि कोरडी जागा कोकरे व गाभण माद्या यांना प्रथम द्यावी. भेदरलेल्या मेंढ्या एका कोपऱ्यात एकमेकींवर दाटतात व खालच्या गुदमरतात. यासाठी माणसाने जागे राहून कळप मोकळा करीत राहणे अवश्य आहे.

नुकत्याच जन्मलेल्या कोकरास प्रथम खसखसून कोरडे करावे आणि पहिल्या काही तासांतच चीक पाजावा. चिकातून त्यास शक्तीही मिळते व रोगप्रतिकारक द्रव्येही. एका दिवसानंतर ही द्रव्ये आतड्यातून रक्तात शोषली जात नाहीत. परंतु जे कोकरू लुळे पडले आहे, ज्याच्या तोंडात बोट घातले असता ते चोखत नाही, त्याच्या तोंडात दूध ओतू नये; ते श्वासनलिकेत जाते. अशा कोकरास घोंगडीत, माणसाच्या अंगाशी धरून आधी ऊब द्यावी, ते चोखू लागले म्हणजे मग पाजावे.

गोठ्यातील गुरांबाबत एक वेगळी सूचना आवश्यक आहे. ‘दावे’ हा ‘दामन्’ या शब्दाचा वंशज सुरक्षिततेचे चिन्ह मानला जातो. पण पूर चढत असता किंवा डोंगरास भेगा पडून गढूळ पाणी फुटू लागले असता तोच फास होतो. स्वतः घर सोडण्यापूर्वी दावी सोडणे किंवा कापणे हा शेवटचा, पण न विसरण्याचा उपाय आहे.

वादळ ओसरल्यावर बुरशी आलेली वैरण टाकून द्यावी आणि खोकला व ताप यांकडे आठवडाभर लक्ष ठेवावे. गुरांना घटसर्प व फऱ्या आणि मेंढरांना आंत्रविषार यांच्या लसी पावसाळ्यापूर्वीच टोचून घेणे इष्ट.

५. समारोप

शासकीय व्यवहारात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस म्हणजे ‘अतिवृष्टी’. महसुली कामास अशी मोजता येणारी व्याख्या हवीच. परंतु धोक्याची सूचना म्हणून हा शब्द अपुरा आहे. कुडपणच्या गोठ्याला जुलैत अतिवृष्टी नित्याची असते, तर उघड्यावरच्या मेंढीला डिसेंबरात त्याहून कमी पाऊस पुरे होतो. ‘जनावरांना सुरक्षित स्थळी हलवावे’ हे वाक्यही व्याकरणदृष्ट्या शुद्ध, पण अर्थदृष्ट्या पोकळ आहे. कारण कशापासून सुरक्षित, हे त्यात नाही. ‘रात्री झड येईल, वाऱ्याला आडोसा करा, खाली कोरडा आथर घाला, पोटभर वैरण द्या’ ही सूचना त्याहून फारशी लांब नाही, आणि ऐकणाऱ्याचे हात तिने लगेच कामाला लागतात. परिभाषा घडविणाऱ्यांनी कोशाइतकेच गोठ्याकडेही पाहावे, एवढेच प्रस्तुत विवेचनाचे तात्पर्य होय.